डायरीत नसलेले ४१ तास

जून २०२५ मधला एक रविवार. मृगाची सर नुकतीच होऊन गेली होती आणि सांगलीच्या सराफ कट्ट्यामागच्या बोळात पाणी साचलं होतं. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बोळाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबली. दागिने घडवायच्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर झोपलेल्या तिघा बंगाली कारागिरांना उठवलं. आणखी एक कारागीर दोन घरं सोडून बायको-मुलासह भाड्यानं राहत होता, त्याला दारातून बोलावून घेतलं.

घरमालकीण मावशी जिन्यात आल्या. "आवो साहेब, ह्यो माझा भाडेकरू हाय. पोरगं हितंच दुसरीत शिकतंय. कुठं न्यायला लागलाय त्याला?"

"काय नाही मावशी, जरा चौकशी हाय. सकाळच्याला सोडतो," हवालदार म्हणाला.

सकाळी कुणीच सुटलं नाही. तिघं सुटले ते मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, म्हणजे ४१ तासांनी. त्याच वेळी चौघांपैकी उरलेल्या एकाची अटक कागदावर आली. त्याआधीच्या ४१ तासांबद्दल स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, एक ओळही नव्हती.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. हे प्रकरण मी रचलेलं आहे. पक्षकारांनी विश्वासानं सांगितलेलं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी मी ही माणसं, हा बोळ आणि ही रात्र उभी केली. कायदे, तारखा आणि निकाल मात्र खरे आहेत. मी वकील आहे आणि या विषयात तटस्थ नाही. ठाण्याला अधिकारच नव्हता असं मी म्हणणार नाही, तो होता. तो कसा वापरला, याबद्दल मला बोलायचं आहे.

मुख्य माणूस म्हणजे घरातून नेलेला कारागीर. वय ३४, गाव हुगळी जिल्ह्यात आरामबागजवळ. तो तेविसाव्या वर्षी सांगलीत आला. मजुरी ग्रॅमवर, घटीचा (घडवताना घटणाऱ्या सोन्याचा) हिशेब शेठशी चोख. झाल लावण्यात (दागिन्याचे सांधे जोडण्यात) त्याचा हात धरणारा कट्ट्यावर दुसरा नाही, असं शेठ सांगतात. मराठी तो आपल्यासारखीच बोलतो, फक्त 'व'च्या जागी 'ब' येतो. वर्षातून एकदा दुर्गापूजेला पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस धरून गावी जातो.

ठाण्यात फौजदारांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"आरामबाग, साहेब."

"बांगलादेशात कुठं आलं हे?"

"हुगळी जिल्ह्यात आहे, साहेब. कोलकात्याच्या अलीकडं."

त्यानं आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि पॅन कार्ड दिलं. फौजदार म्हणाले, "ही तर सगळ्यांकडं असतात." कायद्याच्या दृष्टीनं हे वाक्य चुकीचं नव्हतं. २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ९ स्पष्ट सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठाणे शहरातल्या एका आरोपीला जामीन नाकारताना हेच म्हटलं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्यावर कुणी नागरिक ठरत नाही, ते खरे आहेत का हे तपासावं लागतं.

मग नागरिक ठरतं कशावर? इथं जरा थांबते, कारण हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि ठाण्यात रात्री बारा वाजता कुणालाच आठवत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ नुसार जन्मतारखेप्रमाणे नियम बदलतो. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानंच नागरिक, आईबाप कुणी का असेनात. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याच्या बाबतीत एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसराही बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे.

आपला कारागीर १९९१ चा. त्याला स्वतःचा भारतातला जन्म दाखवायचा, आणि वर बापाचं नागरिकत्व. बाप १९६२ चा, म्हणजे बापाचा भारतातला जन्म दाखवला की काम झालं. शाळेच्या रजिस्टरचा उतारा, आजोबांच्या जमिनीची दलिल (बंगालीत जमिनीचा दस्त), जुन्या मतदार यादीतलं पान, हे कागद हवेत. हे सगळं होतं, पण आरामबागजवळच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत. सांगलीच्या खोलीत कुणी आजोबांची दलिल घेऊन झोपत नाही. तुम्ही-आम्ही तरी रात्री पावणेबाराला वडिलांच्या जन्माचा कागद काढून दाखवू शकू का? माझ्या वडिलांचा मला शोधावा लागेल.

आता अधिकाराचा प्रश्न. परकीय नागरिक, देशात प्रवेश, हकालपट्टी, व्हिसा हे सगळे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहेत, नोंदी १७ आणि १९. पोलीस मात्र राज्याचे. मग सांगलीतला हवालदार केंद्राचा कायदा कशाच्या बळावर राबवतो? घटनेचं कलम २५८(१) केंद्राला आपलं काम राज्याच्या संमतीनं राज्याकडे सोपवू देतं. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यातले परदेशी माणसाला देशाबाहेर पाठवण्याचे अधिकार केंद्रानं १९५८ मध्ये याच वाटेनं राज्यांना दिले. जिल्ह्यात परकीय नागरिकांची नोंदणी बघणारा अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. म्हणजे शोधायचं, चौकशी करायची, संशय खरा निघाला तर गुन्हा नोंदवायचा, हे ठाण्याचंच काम. जून २०२५ मध्ये हाच कायदा लागू होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची, आणि त्यासोबत १९२०, १९३९ व २००० च्या कायद्यांची जागा 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५' या एकाच कायद्यानं घेतली. मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नव्या कायद्यातही त्या माणसावरच आहे.

या भारामुळे ठाण्यात एक गैरसमज मुरला आहे: "आपण नुसतं विचारायचं, सिद्ध त्यानं करायचं." सर्वोच्च न्यायालयानं ११ जुलै २०२४ ला आसामच्या रहीम अली प्रकरणात यावर बोट ठेवलं. कुणालाही उचलून 'तू परदेशी नाहीस हे दाखव' असं म्हणता येत नाही. संशयाला आधी काहीतरी आधार हवा, आणि तो आधार त्या माणसाला सांगायला हवा. आमच्या बोळात आधार काय होता? भाषा. बंगाली तर हुगळीतही बोलतात, मुर्शिदाबादलाही, त्रिपुरातही आणि ढाक्यातही. मिरजेच्या बाजारात कन्नड बोलणाऱ्याला आपण परराज्यातला तरी समजतो का?

फौजदारांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा अभ्यास एकांगी होईल. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं की बांगलादेश आणि म्यानमारमधल्या संशयितांची पडताळणी ३० दिवसांत व्हावी. संशयित ज्या राज्यातला असल्याचं सांगतो, त्या राज्यानं मुदतीत उत्तर द्यायचं, नाही आलं तर परत पाठवण्याची कारवाई करता येईल. वरून रोज आकडा विचारला जातोय, ठाण्यात माणसं अपुरी, पुढं आषाढी एकादशीचा बंदोबस्त. फौजदार वाईट माणूस नव्हता. त्यानं चौघांना चहा दिला, मारहाण कुणाला केली नाही. रात्रीच माहिती काढून सकाळी सोडू, असंच त्याच्या मनात होतं. डायरीत नोंद केली तर 'कशासाठी आणलं' हे लिहावं लागतं, म्हणून नोंद टाळली. ठाण्यात याला 'चौकशीला बसवून ठेवणे' म्हणतात. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रकार नाही. माणसाला नोटीस देऊन बोलावता येतं, नाहीतर अटक करता येते. अटक केली तर कारणं सांगायची, नातेवाइकांना कळवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं. घटनेच्या कलम २२ मध्ये हा हक्क 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही. परदेशी माणसालाही तो मिळतो, अपवाद शत्रुराष्ट्राच्या नागरिकाचा आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा. शिवाय जो माणूस परदेशी आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही, त्याला तो हक्क नाकारायचा कशावर?

सोमवारी सकाळी शेठ ठाण्यात गेले. "साहेब, अकरा वर्षं माझ्याकडं आहे हा. किलोकिलो सोनं सोपवलंय त्याच्यावर." उत्तर मिळालं, "वर पाठवलंय शेठ, आमच्या हातात नाही." मावशी दुपारी गेल्या, पिशवीत डबा घेऊन. डबा घेतला. मावशींनी एक गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, ती कुणी ऐकून घेतली नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी भाडेकरूची माहिती याच ठाण्यात दिली होती, फोटोसह. त्यात गावाचा पत्ता होता, तिथल्या पोलीस ठाण्याचं नाव होतं, बापाचा मोबाइल नंबर होता. ज्या खोलीत कारागीर बाकड्यावर बसला होता, त्याच खोलीच्या कपाटात तो फॉर्म फाइलला लागलेला होता. हुगळीत फोन कुणाला करायचा, हे फौजदारानं सोमवारी संध्याकाळपर्यंत शोधलं.

कारागिराची बायको रविवारी रात्रभर दाराला कडी लावून बसली होती. ती मावशींना म्हणाली, "मावशी, मलाही नेतील का?" त्या रात्री तिनं गावी फोन केला नाही, कारण सासऱ्यांना हृदयविकार. सोमवारी दुपारी केला. तिथून पुढं सूत्रं हलली: सासरे पंचायतीत गेले, पंचायतीनं ट्रंकेतल्या कागदांचे फोटो मागवले, पश्चिम बंगालमध्ये स्थलांतरित कामगारांसाठी कल्याण मंडळ आहे तिथं कुणीतरी कळवलं. मंगळवारी दुपारी तिथल्या पोलिसांचा ई-मेल आला: तिघं आमच्या हद्दीतले, पडताळणी झाली. पतीला नेलं हे त्या बाईला लेखी कळवलं असतं, तर हा प्रवास रविवारी रात्रीच सुरू झाला असता.

हा उशीर किती महाग पडू शकतो, हे त्याच महिन्यात बाहेर दिसत होतं. जून २०२५ मध्ये मुंबईजवळच्या मीरा रोड भागातून पकडलेला मुर्शिदाबादचा एक गवंडी सीमेपलीकडे ढकलला गेला. त्याच्यासारखे पश्चिम बंगालचे आणखी काही मजूरही गेले, आणि दोन्ही देशांच्या सीमा दलांच्या बैठका होऊन त्यांना परत आणावं लागलं. दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गरोदर बाई जूनमध्येच कुटुंबासह पलीकडे पाठवली गेली. कलकत्ता उच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०२५ ला तिला परत आणायचा आदेश दिला, प्रत्यक्षात ती डिसेंबरमध्ये परतली. पडताळणी ही केवळ कागदी औपचारिकता वाटणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं त्या सहा महिन्यांचा विचार करावा.

आता चौथा माणूस, म्हणजे पोटमाळ्यावरच्या तिघांपैकी एक. तिघांचे पत्ते जुळले, त्याचा जुळला नाही. सांगितलेल्या गावात त्या नावाचं घर नव्हतं, शाळेचा दाखला दुसऱ्याच मुलाचा निघाला. पुढच्या चौकशीत त्यानं कबूल केलं की तो खुलन्याकडचा, चार वर्षांपूर्वी दलालाला पैसे देऊन आला आणि दलालानंच कागद करून दिले. म्हणजे फौजदाराचा संशय चारांपैकी एका बाबतीत खरा ठरला. इथं बरेच लोक म्हणतात, "बघा, सापडला ना? मग थोडा त्रास झाला तर झाला."

वकील म्हणून मला नेमका उलटा हिशेब दिसतो. चौथ्याविरुद्ध परकीय नागरिक कायद्याचं कलम १४, पारपत्र नियम आणि बनावट कागदांची कलमं लागली. गुन्हा योग्य होता, तपासाला जागा होती, दलालापर्यंत पोहोचायची संधी होती. बुधवारी त्याला न्यायालयात उभं केलं. अटकेची वेळ लिहिली होती मंगळवार, सायंकाळी ५. बचावाच्या वकिलानं पहिल्याच तारखेला अर्ज दिला: माझा पक्षकार रविवारी रात्रीपासून ठाण्यात आहे, सीसीटीव्हीचं चित्रण मागवा. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायचा आणि चित्रण १८ महिने जपायचा आदेश दिलेला आहे. चित्रण आलं. रविवारी मध्यरात्री चौघंही दारातून आत येताना दिसतात. जो एक खटला खरा होता, त्यातच पोलिसांचा कागद खोटा ठरला. जामीन झाला. त्यानंतरच्या तारखांना आरोपी आला नाही, आणि कागद बनवणारा दलाल जिथं होता तिथंच राहिला.

फौजदारानं रविवारी रात्री कपाटातली फाइल काढली असती, तिघांना दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची नोटीस देऊन घरी पाठवलं असतं, आणि ज्याचा पत्ता जुळत नव्हता त्याची अटक त्याच वेळी, त्याच मिनिटाला डायरीत लिहिली असती, तर चौथा आज तुरुंगात असता आणि शिक्षेनंतर रीतसर परत गेला असता. कायद्याचं कडक पालन आणि कारागिराचा हक्क, दोन्ही एकाच ओळीत साधत होते. मला या प्रकरणातून एवढंच मांडायचं आहे आणि मी ते वर्गात पुन्हा पुन्हा सांगते, कारण आपल्याकडे हे दोन्ही एकमेकांचे वैरी समजले जातात.

भाषेचाही मुद्दा आहे. चौथ्याला मराठी जेमतेम यायची. अटकेची कारणं त्याला मराठीत वाचून दाखवली आणि त्यानं अंगठा दिला. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात, आणि तो महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातला आहे, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायला हवीत. कट्ट्यावर मराठी-बंगाली दोन्ही वाचणारी दहा माणसं सहज मिळतील. त्यांची यादी ठाण्यात असायला काय हरकत आहे?

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या अंगानं चालतो. तिथं स्थलांतराचा कायदा संघराज्याचा, आणि १९९७ च्या एका निकालामुळं स्थानिक पोलिसांना संघराज्य राबवून घेऊ शकत नाही. ज्यांना हे काम करायचं आहे, त्यांनी १९९६ पासून कायद्यात असलेल्या कलम २८७(जी) खाली लेखी करार करायचा, प्रशिक्षण घ्यायचं आणि केंद्रीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली काम करायचं. तिथले कित्येक पोलीसप्रमुख अशा कराराला नको म्हणतात. गुन्ह्याचा बळी ठरलेला स्थलांतरित मग ठाण्याची पायरी चढत नाही, साक्षीदार गप्प बसतो, हे त्यांचं कारण. म्हणूनच तिथं तपासाला मदत करणाऱ्या अशा बळींसाठी २००० मध्ये वेगळा व्हिसा काढावा लागला. आपली रचना वेगळी आहे, आपल्याकडे करार नाही, अधिसूचनांची साखळी आहे. पण साक्षीदार गप्प बसतो, ते सांगलीतही घडतं. २०२२ मध्ये एक अनोळखी माणूस मोडीला बांगड्या घेऊन आला होता. आपल्याच कारागिरानं घडणीवरून त्या चोरीच्या असाव्यात हे ओळखलं, शेठला सांगितलं, ठाण्यात जाऊन जबाब दिला आणि घरफोडी उघडकीस आली. २०२५ च्या दिवाळीआधी तसाच एक जण आला. कारागीर हळू आवाजात म्हणाला, "शेठ, मला यात घालू नका." बांगड्या दुसऱ्या गावी गेल्या असतील.

आणि सांगलीकरांनी तरी हा विषय परका समजू नये. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतल्या गलाईवाल्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या परराज्यांतल्या सोन्या-चांदीच्या आटणीवर चालली आहेत. केरळपासून बंगालपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात खानापूर तालुक्यातल्या विट्याकडचा माणूस भेटतो. चोरीचं सोनं घेतल्याच्या संशयावरून तिथले पोलीस गलाईवाल्याला रात्री उचलतात, दोन दोन दिवस पत्ता लागत नाही, ही तक्रार विट्यात नवीन नाही. तेव्हा आपण काय मागतो? कुठल्या ठाण्यात नेलं ते सांगा, घरी फोन करू द्या, नोंद दाखवा. सराफ कट्ट्यामागच्या बोळात मावशींनी नेमकं हेच मागितलं होतं.

तिघं सुटले तेव्हा त्यांच्याकडून एका कोऱ्या कागदावर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून घेतलं. कारागिरानं सही केली. तक्रार करावी असं मी सुचवलं असतं, पण त्यानं ती केली नसती, हे मला माहीत आहे. त्याला पोराची शाळा इथंच चालू ठेवायची होती आणि सोमवार-मंगळवारची मजुरी बुडाली होती.

पुढं तो पूजेला गावी गेला आणि परत येताना ट्रंकेतले कागद घेऊन आला. आजोबांची दलिल, बापाच्या शाळेचा उतारा, स्वतःचा दाखला. शेठनी ते सोन्याच्या तिजोरीत ठेवून घेतले. मावशींनी भाडेकरूच्या माहितीचा नवा फॉर्म भरला, दोन प्रतींत, आणि ठाण्यात गेल्या. ठाणे अंमलदारानं फॉर्म घेऊन बाजूला ठेवला, तर त्या समोरच्या बाकड्यावर बसून राहिल्या.

"झालं की मावशी, जावा आता."

"आवक नंबर टाका," मावशी म्हणाल्या, "आणि माझ्या कागदावर शिक्का मारून द्या. तारीख घाला. वेळ पण घाला."